अकरावी वस्ती

३ फेब्रुवारी
झाली एकदाची कच्ची यादी! शहरातल्या सगळ्या वस्त्यांत काय कमी आहे — पाणी, शाळा, छप्पर, डॉक्टर — ते मांडून डोळ्यांची पार वाट लागली. सगळ्यात जास्त हाल, ती पहिली. पहिल्या दहांना नवा सरकारी दवाखाना. आमची वस्ती अकरावी. कपाळ माझं!

४ फेब्रुवारी
का हुकलो ते शोधलं. हसू की रडू! सगळ्यात आम्ही मागे, फक्त ‘जवळ डॉक्टर आहे’ इथे पैकीच्या पैकी. तो डॉक्टर म्हणजे आमचे बाबा! घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना, वय ऐंशीच्या पुढे. छातीला नळी लावून विचारतात, “काय म्हणालात?” लोक येतात ते गप्पांना. खरंच दुखलं-खुपलं की गाडी करून पुलापलीकडच्या इस्पितळात पळतात.
ऑफिसात साहेबांना सांगितलं. म्हणाले, “पाटी आहे ना? मग डॉक्टर आहे. यादी पक्की होईपर्यंत काही बदललं तर सांगा.”

५ फेब्रुवारी
जेवताना बाबांनीच विचारलं, “आपण कितवे गं?”
“अकरावे.”
“वा! सगळ्यात वाईट दहांतून थोडक्यात वाचलो म्हणायचं!” आईकडे टाळी मागितली. “माझ्यामुळे हो! उगाच बसलो का इतकी वर्षं?”
आईने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात. इतके खूश होते, कुठल्या तोंडाने सांगू?

७ फेब्रुवारी
आजही नाही सांगितलं. भित्री मेली!

९ फेब्रुवारी
समोरच्या वहिनी तापाने फणफणलेली लेक घेऊन धावत आल्या. बाबांनी तपासलं, पुन्हा तपासलं, मग स्वतःच गाडी बोलावली आणि पुलापलीकडे सोबत गेले. पोर बरी आहे, देवाची कृपा. परत आल्यावर बाबा पुढच्या खोलीत जाऊन बसले. चहा दिला तेव्हा म्हणाले, “नवा दवाखाना पहिल्या दहांनाच ना?”
“हो.”
“मी नसतो तर आपण कितवे?”
खोटं बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, “सातवे.”
“हं,” म्हणाले. “साखर कमी पडलीय.” खूप वाईट वाटलं मला.

१० फेब्रुवारी
सकाळी ठोकाठोकीने जाग आली. बाहेर आई स्टूल धरून ओरडतेय, “अहो, पडाल!” — आणि वर बाबा! दवाखान्याची पाटी काढून माझ्या हातात दिली आणि हसून म्हणाले,
“आता मोज.”