गंजलेलं कडं

९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण आपला शोधनिबंध छापून आल्यापासून तुझं कौतुक सांगायला ते जिना उतरून शेजाऱ्यांकडे जातात. "आमच्या थोरलीनं हायड्रोजनला कवायत शिकवली!" शेजारी बिचारे माना डोलावतात.

तुझ्या नव्या प्रयोगशाळेच्या अर्जावर माझी सही हवी आहे, हे कळलं. उशीर झाला, कारण त्याआधी मला मोजमाप पुन्हा घ्यावंसं वाटलं. अविश्वास नव्हता गं. इतके दाट अणू, सगळ्यांचे स्पिन, ती अणूंतली इवली चुंबकं, एकाच दिशेला. कुणालाच न जमलेलं आपल्याला जमलं, ते एकदा डोळे भरून पाहायचं होतं.

लेझरच्या प्रकाशाला पीळ देणाऱ्या चकतीचं फिरतं कडं गंजलंय, असं तू म्हणाली होतीस. "आम्लाच्या वाफेनं सगळे स्क्रू खाल्लेत. जोर लावू नकोस, चकती तडकेल." म्हणून चकती उलटी फिरवून पाहायचं राहून गेलं. प्रकाशाचा पीळ उलटला की वायूतून सुटणाऱ्या अणूंचे स्पिन उलटतात आणि पडद्यावरची रेघ वरची खाली जाते, हे मला तूच शिकवलंस. रेघ उलटली नाही तर ते आपले अणू नव्हेत, हेही तूच.

नवं कडं मागवलं. जुनं काढायला हात लावला, तर ते दोन बोटांनी फिरलं, तेल घातलेल्या बिजागरीसारखं.

रेघ जागची हलली नाही. मग वायूची तोटी बंद केली. तरी तीच रेघ! नळीत औषधालाही अणू नाही आणि बाईसाहेब पडद्यावर ऐटीत उभ्या. लेझरच्या झटक्याची खरखर अणूंची चाहूल टिपणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात शिरत होती, बाकी काही नाही.

आधी तुझी कीव आली. चूक कुणाचीही होते. मग ते कडं पुन्हा हातात घेतलं. ताई, ते कधी गंजलंच नव्हतं. तू फिरवून पाहिलं होतंस.

मला सांगितलं असतंस, तर दोघींनी पुन्हा पहिल्यापासून केलं असतं. तुला मी बावळट वाटले की परकी, तेवढं कळत नाही. तेच जास्त लागलंय.

अर्ज सहीविना परत पाठवते आहे. संपादकांना कालच कळवलं. बाबांना मात्र काही बोलले नाही. रविवारी तुझा फोन यायच्या आधीच ते खुर्ची ओढून बसतात. या रविवारी तू सांग.

कडं सोबत ठेवलं आहे. फिरवून बघ.

आजवर तुझं सगळं ऐकलेली,
धाकटी