बायांच्या घरचा चहा

देऊळघाट, ४ डिसेंबर १९६२
शालू रात्री परत टक्क जागी. तीन वर्षांची पोर, पाय झाडत बसते, "आई, बोल नं" म्हणते. वैतागून धपाटा घातला. ती रडली, मग मीही. सकाळी शेजारच्या कौसाबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या. "कोनाची तरी नजर लागली पोरीले." मी गावची ग्रामसेविका, आणि गुपचूप उतरवू दिल्या.

८ डिसें.
दिवसभर घरभेटी. घरोघर चहा. नको म्हटलं की लगेच, "काऊन बाई, आमच्या घरचा चालत नाही का?" बाई विटाळ पाळते अशी बोंब व्हायची! मला तर चहानं घशाशी येतं. शालू सोबत असते म्हणून निभतं. घोटभर मी, बाकी तिच्या बशीत. फू फू करत शहाण्यासारखी पिते. बायांना कोण कौतुक.

११ डिसें.
बुलढाण्याला डॉ.कडे. शालूची भूक गेलीय, छाती धडधडते. त्यांनी विचारलं, चहा देता का? "छे हो, चाखण्यापुरता." तेवढ्यात शालू, "मी सगळ्यांच्या घरी पिते!"
डॉ. हसले नाहीत. म्हणाले, झोप, भूक, धडधड, सगळं त्यानंच. एवढ्याशा जिवाला चहा सोसत नाही, बंद करा.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलले ते बोलले. पण तो धपाटा... पाजणारी मी, मारणारीही मीच.

१५ डिसें.
चहा बंद. दोन दिवस नुसती किरकिर, डोकं धरून बसायची. काल वरणभात मागून खाल्ला, आज दुपारी गाढ झोपली. हे खामगावहून येतील पुढच्या रविवारी. सांगावं की... बघू.

१७ डिसें.
घरभेटीला रशिदाबींकडे गेले. शालूपुढे बशी आलीच. म्हटलं, तिला नको आता.
"काऊन बाई? तुमच्या पोरीले पाहूनच तं आमी लेकरायले चालू केला. म्हनलं, बाईची पोर पिते, मंग चांगलाच असन. साऱ्या मोहल्ल्यात देतेत आता."
त्यांचा नातू, नुकता चालायला लागलेला, मांडीवर बसून बशी चाटत होता.
डॉक्टरांचं म्हणणं पोटातच ठेवलं. कप संपवला नि उठले. लाज वाटते लिहायलाही.
उद्या महिला मंडळात 'बालकांचा आहार' यावर मीच बोलायचंय. सगळ्या लेकरं घेऊन येणार आहेत.