पिंकीचा फोल्डर

शुक्रवार, संध्याकाळ. तुळिंज.

आणि वर मलाच अडाणी म्हणतो! आठवी नापास आहे मी, पण चूक साहेबाचीच ना? बिलाचा प्रोग्राम तो स्वतःच्या कॉम्प्युटरवर बनवतो आणि बिलांची फाईल तिथल्या 'पिंकी' फोल्डरात ठेवतो. पिंकी म्हणजे त्याची मुलगी. गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर पिंकी कुठून असणार? प्रोग्राम तिथंही पिंकीलाच शोधतो आणि अडून बसतो. मग तिथल्या फोल्डरचा पत्ता टाकून फाईल जोडायची. साहेबाला हे आठवतही नाही, कारण दर वेळी मागून मीच गुपचूप जोडतो.

काल गासच्या बियाणेवाल्या काकांनी मी जोडायच्या आतच प्रोग्राम चालू केला. पडद्यावर आलं, पिंकी सापडत नाही.

"काय रे, ही पिंकी कोण? तुझी का?"

सगळे हसले. साहेबपण हसला! म्हणाला, "काका, पोरगा अडाणी आहे, त्यानंच बिघडवलं." आणि मला, "यापुढं कशाला हात लावायचा नाही."

बरं. नाही लावत. उद्या नंदाखालच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडं तो एकटाच चाललाय. चार माणसांत पिंकी निघू दे. सांगावं का त्याला आधी? का म्हणून सांगू? फोन येईल, तोपण उचलणार नाही.

नोकरी जाईल बहुतेक. म्हणून आईला नेहमीचे पाच नाही, खोलीभाडं तेवढं ठेवून उरलेला सगळा पगार पाठवतोय. नऊ हजार.