रुद्रप्रचंड विरुद्ध डोमाजी

५ जानेवारी १९८६
सेलूच्या कापडवाल्या ताराचंदला अमेरिकेतल्या भावानं एका खेळाचं पुस्तक पाठवलंय. आपण एक पात्र व्हायचं, त्याला नाव द्यायचं, पुढे काय करणार ते पोस्टकार्डावर कळवायचं. काय घडलं ते ताराचंद उलट टपालानं सांगणार. खेळाडू तीन : मी, आर्वीचे हरिदास मास्तर, हिंगणघाटचा कुणी बंडूजी.
चार दिवस विचार करून नाव ठरवलं. रुद्रप्रचंड रिपुदमन चंडकेतू.
संकल्प : खेळ संपेपर्यंत मी प्रभाकर नाही.

१४ जानेवारी
ताराचंदचं कार्ड आलं. मास्तरांचा योद्धा वज्रबाहू. ठीक. बंडूजीचा योद्धा डोमाजी. नुसता डोमाजी. माझ्या मामेसासऱ्याचं नाव आहे हे. राक्षसाच्या गुहेत मागून डोमाजी येत असेल तर वातावरण काय राहणार? निषेधाचं कार्ड टाकलं.

१५ जानेवारी, सकाळी
बायकोला बजावलं, घरात मला रुद्रप्रचंड म्हणायचं. म्हणाली, बरं, रुद्रप्रचंड, गहू दळून आणा. चक्कीवर गेलो. पण वीरासारखा.

२० जानेवारी
ऑफिसात मस्टरवर रुद्रप्रचंड अशी सही केली. बडेबाबू लक्ष्मणराव म्हणाले, हा कोन माणूस, याची नेमणूक कवा झाली? अर्ध्या दिवसाची रजा लावली. हलकट. कल्पनाशक्ती शून्य.

२ फेब्रुवारी
ताराचंद निषेधावर गप्प. बंडूजीलाच लिहिलं : नाव बदला, नाहीतर वैर. सोबत तीन चांगली नावं सुचवली.

९ फेब्रुवारी
बंडूजीचं उत्तर. लिहितो, डोमाजी माह्या बापाचं नाव. मागच्या साली वारले. जलमभर गावाबाहेर गेले नाई, म्हून त्याईले फिरवून आणून राह्यलो.
असल्या भावनिक डावपेचांना मी बधणार नाही.

१२ फेब्रुवारी
ताराचंदचं कार्ड, रुद्रप्रचंडच्या नावानं : गुहेत दोन वाटा. डोमाजी उजवीकडे. मी मुद्दाम डावीकडे, एकटा. तसं कार्ड टाकलं.

१९ फेब्रुवारी
पोस्टमन रूपराव 'प्रभाकर' नावाचं कार्ड घेऊन आला. परत केलं. या नावाचं इथे कोणी राहत नाही. तो म्हणाला, भाऊ, तब्येत बरी हाये ना?

२६ फेब्रुवारी
पुन्हा तेच. पुन्हा परत.

१६ मार्च
ताराचंदचं उत्तर नाही. माझी कार्डं मात्र दर आठवड्याला जातात. आतापर्यंत सात राक्षस मारले असावेत. डोमाजी कुठे कोपऱ्यात तंबाखू मळत बसला असेल.

३० मार्च
केळझरच्या गणपतीला गेलो होतो, परत येताना सेलूला उतरलो. ताराचंद लुगडं मोजत होता. मान वर न करता म्हणाला, तुमी तं फेब्रुवारीतच मेले ना भाऊ. डाव्या वाटेनं खड्डा होता. दोनदा कार्ड टाकलं, दोन्ही वापस आले.
मी विचारलं, मग पुढे काय झालं?
त्यानं बंडूजीची कार्डं दाखवली. वज्रबाहू खजिन्याकडे गेला. डोमाजी माघारी फिरला. दोन खेळ्या खर्चून त्यानं मला खड्ड्यातून वर काढलं, खांद्यावर गावात आणलं, अग्नी दिला. कार्डावर माझं पूर्ण नाव, एक अक्षर न चुकता.
ताराचंद म्हणाला, पुन्हा खेळाचं असंन तं नवं नाव सांगा.
बंडूजीची कार्डं पुन्हा एकदा वाचली. मग म्हटलं, बंडूजींना विचारून पाहा, डोमाजीला धाकटा भाऊ होता काय.