पटावरचं कोठार आणि माझी खुर्ची

मी, सुचिता कृष्णात मढवी, वय ६३, राहणार ऐरोली, नवी मुंबई, लिहून ठेवते की माझा रक्तदाब गोळीच्या ताब्यात असला तरी डोकं माझ्याच ताब्यात आहे. शुक्रवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, उलट मुलाच्या विरोधाला न जुमानता करत आहे.

१. राहता फ्लॅट, बँकेतल्या ठेवी व दागिने मुलगा मिथुन आणि सून अबोली यांना समान हिश्श्याने. यावरून भांडू नये. भांडायला पुढचं कलम आहे.

२. आतल्या खोलीतलं मोठं टेबल आणि त्यावरचं लाकडी गाव: त्रेचाळीस इमारती, दोन पूल. हे गाव युद्धखेळाचं आहे. त्यात बोटभर उंचीचे सैनिक लढतात. मिथुनचे बाबा गेले त्या वर्षी त्याने लेझरने कापलेल्या लाकडी भागांचं पहिलं किट मागवलं आणि दोन दिवसांत कंटाळून कपाटावर टाकलं. मी तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं यंत्रांची ड्रॉइंग काढली आहेत. सूचनापत्रक न बघता मी एका रात्रीत चर्च उभं केलं आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले. पुढची सगळी किटं मीच मागवली.

आता मिथुनला त्या खोलीत ऑफिस थाटायचं आहे. त्याने गावाचे फोटो विक्रीला टाकले आहेत. ते आजच काढावेत. यातली एकही इमारत विकायची नाही, शोभेला काचेच्या कपाटातही ठेवायची नाही. या गावात खेळायचं.

३. ही खोली वापरण्याचा हक्क आणि कलम २ मधल्या सर्व वस्तू एकट्या अबोलीला. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिला कोठाराचं छप्पर सैल दिसलं, म्हणून तिने मदत म्हणून ते फेविकॉलने चिकटवलं. छप्पर सैलच ठेवायचं असतं. ते उचलून आत सैनिक ठेवतात. आत मकबूलभाईंचे सात सैनिक होते. मकबूलभाई कारखान्यातले माझे सहकारी, दर रविवारी पनवेलहून खेळायला येतात. ते म्हणाले, "राऊ द्या ताई. आत माझी माणसं हायेत, म्हणजे कोठार माझं." सहा वर्षं ते हाच हेका धरून आहेत.

मी अबोलीशी चार दिवस बोलले नाही. ते माझं चुकलं. पाचव्या दिवशी ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आई, मला नियम सांगा. परत असं नको व्हायला." मिथुनने हे एकदाही विचारलं नव्हतं. आता प्रत्येक भाग ती आधी गोंदाशिवाय जुळवून बघते आणि लेझरने जळलेल्या कडा माझ्याहून सफाईने घासते.

४. कटर, कानशी, चिमटे अबोलीला. सूचनापत्रकांचा गठ्ठा मिथुनला, त्याने वाचावा. मकबूलभाईंना काय देऊ विचारलं तर म्हणाले, "मला काय नको. पट उचलू नका, बस." म्हणून त्यांना साक्षीदार केलं.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, हे वकीलबाईंनी दोनदा समजावलं. हे कलम मात्र शुक्रवारपासूनच लागू समजावं. या रविवारी डाव होईल आणि माझ्या खुर्चीवर अबोली बसेल. मी दवाखान्यात असताना खेळणं बरं दिसत नाही, असं कोणी म्हणू नये. मला भीती वाटते आहे. टेबल रिकामं आहे असं कळलं तर जास्त वाटेल. संध्याकाळी निकाल मला येऊन सांगावा. शुद्धीवर नसले तर कानाशी, मोठ्याने.

सही: सुचिता कृष्णात मढवी
साक्षीदार: १. मकबूल तुंगेकर, पनवेल
२. सुमित्राबाई भोईर, शेजारीण
ठिकाण: ऐरोली
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५