साडी नेसणार, सही नाही

कळंब, ता. इंदापूर
१२ मे २०२५

चि. युवराज यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. ऊस तुटून गेला, खोडव्याला पाणी चालू आहे. हे अजून दुसऱ्याच्याच ट्रॅक्टरवर जातात. पाठ धरते, पण तक्रार करत नाहीत. राजी बरी आहे. मोनाला सांग, तिचं लोणचं इथं आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. तुझा ऋषिराज पुण्यात रुळला असेल.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसशील. हस. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस. वर "ताई, तुला माझ्यापेक्षा जमीन प्यारी का?" असं म्हणालास की मीच फोन ठेवून देते. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही.

शुक्रवारी तू साडी घेऊन आलास, गाडी दारात चालूच ठेवलीस आणि म्हणालास, "चल ताई, बारामतीला एक सही करून येऊ." डोकं दुखतंय म्हणाले, पण माझं डोकं काही दुखत नव्हतं. मला हक्कसोड द्यायची नव्हती, म्हणून पडून राहिले. आपल्याकडे बहिणी देतातच. साडी घ्यायची, भावाला ओवाळायचं आणि बापाच्या जमिनीतून आपलं नाव आपल्याच हातानं काढायचं. जी देत नाही, तिला दिवाळीला कुणी आणायला येत नाही.

साडीचा रंग छान आहे. मी ती नेसणार आहे. सही मात्र करणार नाही.

तू म्हणशील, ताईला काय कमी आहे? कमी आहे रे. माहेरी येताना माझ्या गळ्यात असते ती बोरमाळ शेजारच्या संजीवनीची. आणि वर 'राजी बरी आहे' लिहिलं, तेही अर्धंच खरं. राजीनं नर्सिंगचं कॉलेज सोडलंय. फी जमली नाही. दिवाळीपासून ती एमआयडीसीत बिस्किटांच्या पॅकिंगला उभी असते. तिची कंपनीची बस रोज तुझ्या बंगल्यावरून जाते. मामीपुढं मान खाली जाईल, मामाला सांगू नको म्हणाली, म्हणून इतके दिवस तोंड शिवून बसले.

आपल्या मळ्याच्या चारी बाजूंनी बारामती वाढली. आपण हरभरा उपटून खायचो तिथं गाड्यांची शोरूम झाली. बरं झालं, लोकांना कामं मिळाली. पण लेकाचा मुलगा पुण्यात शिकतो आणि लेकीची मुलगी शिफ्टला जाते. दोघंही आबांचीच नातवंडं ना?

आईला मी फोन केला होता. आधी म्हणाली, "मी बी सोडलंच की भावास्नी. तुलाच का जड जातंय?" मी विचारलं, "मामा शेवटचा कधी आला होता गं?" मग म्हणाली, "त्यो साडी घिऊन आला हुता, तवाच. पुन्यांदा न्हाय. तू सई करू नगंस, बाय." हे तुला सांगू नको म्हणाली, तरी सांगतेय. यावरून तिला एक शब्द जरी बोललास, तर तिला गाडीत बसवून सरळ माझ्याकडं आणून सोड. दोन खोल्यांत आम्ही मावू.

गाव म्हणेल, लेकीनं बापाची जमीन विकली. म्हणू दे. तू प्लॉट पाडून विकायला निघालास, तुला कुणी काही म्हटलं का? मला माझा वाटा हवा. त्यातला तुकडा विकून राजी या जूनला परत कॉलेजात जाईल. आबांनी मला दहावीनंतर घरी बसवलं, तेव्हा मी गप्प राहिले. लेकीच्या वेळी राहणार नाही.

तुझ्यावर माया आहे, म्हणून कोर्टाच्या आधी पत्र पाठवतेय. राग आला तर ये, भांड, जेवून जा. दिवाळीला आणायला आला नाहीस, तर एसटीनं येईन. दार लावलंस तर पायरीवर बसेन. ओवाळल्याशिवाय उठणार नाही.

शाळेत घालताना आबांनी स्वतः सांगून लिहून घेतलेलं माझं नाव लग्नानंतर मी कुठंच लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

तुझी ताई,
अनिता सर्जेराव भापकर