अर्धी भरलेली बाटली

प्रिय शिवयोगी,

चार वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम प्रिय. घाबरू नकोस, लग्नाला नाही का म्हणालास ते विचारायला बसलेली नाही. राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे आणि तो चांगलाच मुरलाय.

मी हल्ली सात रस्त्याजवळच्या एका खाजगी प्रयोगशाळेत पाणी तपासते. तू चिंचोळीच्या कारखान्यात पर्यावरण अधिकारी झालास, हे मीनामावशीकडून कळलं. कारखान्यामागच्या वस्तीवर तिची विहीर आहे. उन्हाळ्यात पाण्याला थिनरसारखा वास यायला लागला, वस्तीने आरडाओरडा करून टँकर मिळवला. मग तू नमुने नेलेस, पाणी पिण्यायोग्य असल्याचा अहवाल आणलास आणि टँकर बंद झाला. मावशी म्हणाली, "पोरी, हंड्याला नाक लावलं तरी कळतंय की गं, आन् तो सायेब म्हंतो माज्याच नाकात खोट हाय." तिच्या सुनेला दिवस गेलेत. तिला मी पाण्याचे कॅन पोचवते, पण सगळ्या वस्तीला कुठून पुरवू?

तू नमुने घेतलेस तेव्हा मी तिथेच होते, बायकांच्या गर्दीत. तू प्लास्टिकच्या बाटल्या अर्ध्याच भरल्यास, झाकणं सैल ठेवलीस आणि त्या जीपच्या बॉनेटवर उन्हात मांडून निवांत चहा प्यालास. थिनरमधल्या त्या टोल्युइनला हवेची फट मिळाली की ते पाण्यातून उडून जातं, मग यंत्राला सापडणार काय, कपाळ? कॉलेजात काचेची कुपी काठोकाठ भरून, उलटी करून, टिचकी मारून बुडबुडा शोधायला मला तूच शिकवलंस. तुझ्या हातून ही चूक होणं शक्यच नाही. त्या वेळी मी ओरडले नाही. अहवालावर तुझी सही पडू दिली.

मग मी स्वतः कुप्या भरल्या आणि बर्फात घालून आणल्या. आलेखावर टोल्युइनचा सुळका उभा राहिला तेव्हा आधी मावशीची काळजी वाटायला हवी होती. पण खरं सांगते, मला आनंद झाला.

माझा अहवाल वर, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेलाय. गुरुवारी सकाळी तपासणी पथक न कळवता येणार आहे. विहीर दाखवायला मलाच बोलावलंय. तुला फोन केला असता तर तू रातोरात विहीर उपसून आत टँकरचं पाणी सोडलं असतंस. आणि नुसती तुझी फजिती बघून माझं समाधान झालं नसतं. ती कुणी केली हे तुला कळायलाच हवं. म्हणून हे पत्र, साध्या टपालाने, बुधवारी संध्याकाळी पेटीतलं टपाल नेल्यावर टाकलेलं. तू हे वाचतोयस म्हणजे पथकाच्या कुप्या भरून, सील होऊन गेल्यासुद्धा.

एके काळची तुझीच,
ऋतुजा